आउसबिल्डुंगला आलेला भाचा आणि पहिले चार महिने

नेकारकाठची

गेल्या दोन महिन्यांत गावाकडून चार फोन आले. "आमच्या पोरानं जर्मनच्या परीक्षा दिल्यात, आता तिकडं यायचं म्हणतोय. तू तिथं आहेस, जरा बघ की." प्रत्येकाला तेच सांगून घसा बसला, म्हणून हा धागा. पुढच्या फोनला लिंक पाठवून मोकळी होईन.

मी सल्लागार वगैरे नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे चौदा वर्षांपूर्वी स्टुटगार्टजवळ एस्लिंगेनला आले, आता एका कर-हिशेबाच्या ऑफिसात अर्धवेळ काम करते. खाली जे लिहितेय ते भाच्याच्या पायी शिकले.

भाचा म्हणजे माझ्या भावाचा मुलगा. कराडला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, दीड वर्ष एका कंत्राटदाराकडे काम, मग पुण्यात राहून जर्मन बी-वन (सहा पायऱ्यांपैकी तिसरी). इथल्या एका वीजकामाच्या छोट्या फर्ममध्ये त्याला आउसबिल्डुंग मिळालं. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: ही नोकरीही आहे आणि शाळाही. फर्मशी लेखी करार होतो, आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसायशाळेत आणि उरलेले कामावर. पगार पहिल्या महिन्यापासून. कामाप्रमाणे दोन ते साडेतीन वर्षं, शेवटी परीक्षा. याचं साडेतीन वर्षांचं आहे. पदाचं नाव इलेक्ट्रोनिकर, पण सुरुवात भिंतीला खाचा पाडण्यापासून होते.

ऑगस्टअखेरीस आला, १ सप्टेंबरला कामावर रुजू. ऑक्टोबरपर्यंत दर रविवारी जेवायला यायचा आणि इतकं बोलायचा की मला कामं सुचू द्यायचा नाही. नोव्हेंबरात गप्प झाला. विचारलं की "ठीक चाललंय आत्या." पुढ्यातली आमटी गार व्हायची. शेवटी आमच्या ह्यांनी त्याला बाल्कनीत नेलं, तेव्हा एकेक बाहेर पडलं.

पहिलं म्हणजे भाषा. क्लासात शिकला ती पुस्तकी जर्मन, मायस्टर, म्हणजे कामावरचा उस्ताद, बोलतो ती श्वेबिश, इथली बोली. पुस्तकात 'हेबन' म्हणजे उचलणे. इथे 'हेब' म्हणजे धर! उचलायला श्वेबिशमध्ये वेगळाच शब्द आहे, 'लुप्फ'. मायस्टर शिडीवर चढला, वरून म्हणाला "हेब!" आणि आमच्या आज्ञाधारक बाळाने शिडी उचलली. मायस्टर पडला नाही, हे माझ्या भावाचं पुण्य. पण वरून जे काही ऐकवलं त्यातला एकही शब्द बी-वनच्या पुस्तकात नव्हता.

दुसरं वेळेचं. "उद्या फिर्टेल झीबेन" असं सांगितलं. फिर्टेल म्हणजे पाव, झीबेन म्हणजे सात, म्हणजे सव्वासात, असा याचा हिशेब. इथल्या बोलीत ते सव्वासहा. एक तास उशिरा पोचला, गाडी याला सोडून साइटवर निघून गेलेली.

या दोन प्रसंगांनंतर त्याने विचारणंच बंद केलं. मायस्टरने "कळलं?" म्हटलं की हा "या, या". आपल्याकडे दारात आलेल्या पाहुण्याला म्हणतात तसं दिवसभर "या, या". कळलेलं काहीच नसायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बेरिष्ट्सहेफ्ट, कामाची वही. आठवडाभर काय केलं, काय शिकलो ते त्यात लिहायचं आणि फर्मकडून सही घ्यायची. ती पूर्ण नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसताच येत नाही. याची सहा आठवडे कोरी. कारण काय? "मायस्टरना सही मागायची लाज वाटते."

आता हे सगळं प्रोबेत्साइटमध्ये चाललेलं. हा शब्द गिरवून घ्या. आउसबिल्डुंगची ही परीक्षा-मुदत कायद्याने किमान एक महिना आणि जास्तीत जास्त चार महिने. तेवढ्यात कोणतीही बाजू कारण न देता, नोटीस न देता करार मोडू शकते. चार महिने उलटले की फर्मला सहजी काढता येत नाही, सबळ कारण लागतं. म्हणजे पोराच्या साडेतीन वर्षांचा निकाल पहिल्या चार महिन्यांत लागतो. नेमक्या त्याच काळात त्याला भाषा येत नसते, खोली धड नसते, बँकेचं कार्ड आलेलं नसतं आणि दिवस साडेचारलाच मावळतो.

मला काय करावं सुचेना. ऑफिसातल्या एका तुर्की मैत्रिणीने सांगितलं, "त्याला युगेंटमिग्रात्सिओन्सडीन्स्टमध्ये ने." चौदा वर्षं राहून मी हे नाव ऐकलं नव्हतं. लोक नुसतं योट-एम-डे म्हणतात. बारा ते सत्तावीस वयाच्या, बाहेरून आलेल्या मुलामुलींसाठी सल्लाकेंद्र. देशभरात सुमारे ५०० ठिकाणी आहेत. पैसा सरकारचा, चालवतात कारितास, डियाकोनी, आवो यांसारख्या संस्था. एक पैसा लागत नाही. धर्म, जात, देश कोणी विचारत नाही. चर्चच्या संस्थेचा फलक बघून दारातून परत फिरू नका, मी फिरणार होते.

तिथला प्रसंग सांगते. टेबलापलीकडे पन्नाशीच्या बाई. त्यांनी याला विचारलं, "काय अडचण आहे?" मी लगेच सुरू झाले. बाईंनी हात जरासा वर केला आणि म्हणाल्या, "त्याला बोलू द्या." मग शांतता. तो पायाकडे बघतोय, बाई त्याच्याकडे बघताहेत, मी पर्सची चेन उघडझाप करतेय. मला वाटतं दोन मिनिटं तरी गेली असतील. मग पोरगं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणालं, "मला समजत नाही आणि मी समजलं म्हणतो."

बाईंनी त्याचं वाक्य तसंच कागदावर लिहिलं आणि कागद त्याच्याकडे फिरवला. "हेच वाक्य मायस्टरला म्हण. एकट्याला म्हणवत नसेल तर मी फोनवर सोबत असेन." त्याच्या परवानगीने फोन लावला. मायस्टर तिकडून काय बोलला ते सगळं कळलं नाही, पण हसला हे ऐकू आलं. वही भरायला कामाच्या वेळात वेळ द्यायचा हे फर्मचंच कर्तव्य आहे, तेही बाईंनी गोड शब्दांत त्याच्या कानावर घातलं.

शिवाय त्यांनी 'फेरा' नावाच्या योजनेत नाव घालून दिलं. यात निवृत्त माणसं आउसबिल्डुंग करणाऱ्या मुलांना एकास एक अशी सोबत करतात, विनामूल्य. बॉनची झेनियर एक्सपर्टन सर्व्हिस ती चालवते. याच्या वाट्याला आलेले आजोबा जन्मभर वीजकामातच होते. दर गुरुवारी संध्याकाळी बेकरीत भेटतात, वही बघतात, श्वेबिश शिकवतात. त्यांनीच याला सांगितलं की "द्राइफिर्टेल झीबेन" म्हणजे पाउण सात. हा म्हणाला, "अहो, हे तर आमचं पावणेसात!" तेव्हापासून घड्याळाचं भांडण मिटलं.

प्रोबेत्साइट पार पडली. आता दुसऱ्या वर्षात आहे.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः जे सध्या यातून जाताहेत त्यांनी.

खवचट_पुणेकर

धागा छान, शिडीचा किस्सा तर फारच. पण एक विचारू का? डिप्लोमा झालेल्या, दीड वर्ष काम केलेल्या मुलाने सतरा वर्षांच्या पोरांच्या वर्गात बसून पुन्हा पहिलीपासून वायरी ओढायच्या? आणि आता तर बी.ई. झालेलीही रांगेत आहेत म्हणे. याला करिअर मार्गदर्शन म्हणायचं की उतरती भाजणी? "परदेशात आहे" एवढं लग्नाच्या बाजारात सांगायला मिळतं, बाकी काय?

जुना_टर्नर

खवचटराव, पिंपरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीच अप्रेंटिस पोरांबरोबर. आपल्याकडेही १९६१चा अप्रेंटिस कायदा आहेच. आम्हाला आयटीआयत आधी महिनोन् महिने नुसतं फायलिंग. लोखंडाचा तुकडा, कानस आणि गुण्या. हाताला घट्टे पडले तेव्हा मिलीमीटर म्हणजे काय ते कळलं. पुढे कंपनीच्या कामाने जर्मनीला गेलो तर तिथल्या वर्कशॉपात पोरं तेच करत होती, कानस आणि गुण्या. फरक एवढाच दिसला की तिथे त्या पोराला साहेबही "काय रे, कुठवर आलं" विचारायला येत होता.

वायरी ओढण्यात कमीपणा आहे हे आपण ठरवलंय. ज्याच्या घरातली वीज रात्री दहाला जाते त्याला विचारा.

(अवांतर: स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८पासून भगिनी शहरं आहेत. दोघींचं एकमेकींकडे फारसं जाणंयेणं दिसत नाही, पण आहेत.)

डिप्लोमाधारी

हाइलब्रोन, मेकाट्रोनिक्सचं दुसरं वर्ष. वय चोवीस, वर्गातली बाकी पोरं सतरा-अठराची. पहिले दोन महिने मला "ओपा" म्हणजे आजोबा म्हणायची. आता गणित मला विचारतात, त्यामुळे ओपाला मान आहे.

खवचट यांच्या प्रश्नाला उत्तर. एक, आधीचं शिक्षण वाया जात नाही. त्याच्या जोरावर आउसबिल्डुंगची मुदत कमी करता येते, वर्षभरापर्यंतसुद्धा, पण अर्ज फर्मने आणि आपण मिळून करायचा असतो. मी पहिलं वर्ष संपताना विषय काढला, मायस्टर म्हणाला आधी मधल्या परीक्षेचे गुण दाखव. योग्य बोलला. दोन, पुढे मायस्टरची पदवी घेतली तर जर्मनीच्या पात्रता-चौकटीत ती बॅचलरच्याच, म्हणजे सहाव्या पायरीवर धरतात. तीन, इथे आउसबिल्डुंग पूर्ण केलं की कायमच्या वास्तव्याचा परवाना दोन वर्षं नोकरी झाल्यावर मागता येतो, अर्थात बाकीच्या अटी पुऱ्या करून.

पण पैशाचं गोड चित्र कोणी रंगवू नका. २०२५ मध्ये सुरू झालेल्या आउसबिल्डुंगसाठी पहिल्या वर्षाचा कायदेशीर किमान पगार महिना ६८२ युरो होता. बऱ्याच धंद्यांत याहून जास्त मिळतो, पण त्यातूनही विमे कापले जातात. खोलीभाडं दिल्यावर महिन्याचा शेवटचा आठवडा मी खिचडीवर काढतो. व्हिसाच्या वेळी पगार पुरत नसेल तर उरलेली रक्कम ब्लॉक खात्यात (दरमहा ठरावीकच पैसे काढता येतात असं खातं) दाखवावी लागते. आठवड्याला वीस तासांपर्यंत जोडकाम करता येतं, कायदा परवानगी देतो. शरीर देत नाही. मी शनिवारी बेकरीत जातो, बस.

नव्यांसाठी एक अगदी फालतू वाटणारी गोष्ट. पत्रपेटीवर नाव चिकटवा! मी राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत करायची ती पत्त्याची नोंदणी केली आणि निवांत बसलो. पेटीवर घरमालकाचं नाव. माझा कर-क्रमांक टपालाने येणार होता, पोस्टमनला नाव दिसलं नाही, पत्र परत. पहिली पगाराची स्लिप आली ती सहाव्या करवर्गाची, सगळ्यात जास्त कापणारा. नंतर परत मिळाले, पण तो महिना मी विसरणार नाही. पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आणि बॉलपेन, एवढ्यावर काम झालं असतं.

पोह्यात_लिंबू

पत्रपेटीला हजार वेळा +१. माझं विमा कार्ड असंच तीन आठवडे देशाटन करून आलं.

सांगलीचा_बाबा

नमस्कार. मी इथे नुसता वाचक, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मुलगा बारावी सायन्स, ६८ टक्के. जर्मन ए-टू झालं आहे. इथल्या एका एजंटाने हॉटेल कामाचं आउसबिल्डुंग देतो म्हणून साडेपाच लाख मागितले आहेत. म्हणतो बी-वनची गरज नाही, आम्ही "मॅनेज" करतो. दीड लाख आगाऊ आणि दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं त्याच्याकडे ठेवायची. येत्या सोमवारपर्यंत भरले नाहीत तर सीट जाईल म्हणतो. २०२४च्या फेब्रुवारीत आपल्या सरकारचा आणि तिथल्या राज्याचा करार झाला ना, दहा हजार मुलं पाठवायचा? तो म्हणतो आमचं त्यातूनच आहे. काय करावं? मी सहकारी सोसायटीत सेक्रेटरी आहे, पैसे कर्ज काढूनच भरावे लागतील.

रात्रपाळी

काका, सोमवारी काहीही भरू नका. आधी हे वाचा.

मी नर्स, मूळची लातूरची, आता उल्मला रुग्णालयात. मीही एजंटामार्फतच आले आणि दोन वर्षं त्याचं कर्ज फेडलं, म्हणून बोलायचा हक्क आहे. आउसबिल्डुंगच्या जागेला "सीट" नसते आणि तिची किंमतही नसते. ती कॉलेजची प्रवेशप्रक्रिया नाही, नोकरीचा करार आहे. तो करार तुमच्या मुलाच्या आणि इथल्या फर्मच्या मध्ये होतो. फर्मचं नाव, पत्ता, कामाचे तास, सुट्ट्या, पगार, परीक्षा-मुदत सगळं लेखी असतं. तुमच्या हातात त्याची प्रत नसेल तर काहीच नाही असं समजा. मूळ प्रमाणपत्रं कोणाकडेही ठेवायची नाहीत. कधीच नाही. सख्ख्या मामाकडेही नाही.

बी-वन "मॅनेज" होत नाही. साधारणपणे तेवढं लागतंच, आणि समजा कागदावर सुटलं तरी हॉटेलच्या किचनमध्ये कोण मॅनेज करणार आहे? ते पोरगंच तिथे उभं असणार ना.

खरा खर्च सांगते. जर्मनचे क्लास, परीक्षेची फी, व्हिसाची फी ७५ युरो, विमानाचं तिकीट, पहिल्या महिन्याचं भाडं आणि अनामत. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी. भाषांतरं, विमा, थंडीचे कपडे धरा. याच्या पलीकडे कोणी लाख मागत असेल तर ते कशाचे, हे ओळीओळीने लिहून मागा. देणार नाही.

केरळच्या मुली 'ट्रिपल विन' नावाच्या सरकारी योजनेतून येतात, राज्याच्या नॉर्का संस्थेशी जर्मन रोजगार संस्थेचा करार आहे. जागा मिळवून देण्याचा पैसा त्यांच्याकडून घेत नाहीत, तो मालक देतो. माझ्या वॉर्डात आम्ही दोघी शेजारी काम करतो. ती कर्ज न काढता आली आणि मी काढून. पगार सारखाच.

नेकारकाठची

रात्रपाळी, मनापासून आभार.

बाबा, करार झालाय हे खरं. महाराष्ट्र आणि आमचं बाडेन-व्युर्टेम्बर्ग. पण "आमचं त्यातूनच आहे" हे वाक्य कोणीही म्हणू शकतं. सरकारी कामाला सरकारी कागद असतो. तो मागा, आणि जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात जाऊन खरा आहे का विचारा. तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी, ठरावाची प्रत मागायची सवय तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त.

दुसरं म्हणजे जागा मुलाला स्वतः शोधता येतात. जर्मन रोजगार संस्थेच्या जॉबझूखे या संकेतस्थळावर आउसबिल्डुंगच्या जागा उघड्या दिसतात. 'मेक इट इन जर्मनी' हे तिथल्या सरकारचं अधिकृत पान इंग्रजीतही आहे. आणि मुख्य प्रश्न: मुलाला हॉटेलचं काम करायचंय का? की एजंटाकडे तेच शिल्लक होतं? तीन वर्षं शनिवार-रविवार आणि सणासुदीला उभं राहायचं काम आहे. आवड असेल तर उत्तम धंदा, नसेल तर पहिल्या हिवाळ्यात परत येईल.

सांगलीचा_बाबा

मुलाला विचारलं. तो म्हणाला, "मला गाड्यांचं आवडतं, पण एजंट म्हणाला त्याला वेळ लागेल." हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

खवचट_पुणेकर

बाबा, तुमचा प्रतिसाद वाचून खवचटपणा जरा आवरता घेतो. पण माझा मुद्दा सोडत नाही. बारावीच्या मुलाने आउसबिल्डुंग करणं वेगळं आणि बी.ई.ने करणं वेगळं. पदवीवाल्याने आधी आपली पदवी तिथे मान्य आहे का हे तरी बघावं की नाही?

नेकारकाठची

यात तुम्ही बरोबर आहात, आणि हे मूळ लेखात यायला हवं होतं. अनाबिन नावाची माहितीपेढी फुकट बघता येते, आपलं विद्यापीठ आणि पदवी त्यात कुठे बसते ते कळतं. लेखी मूल्यांकन हवं असेल तर त्याला २०८ युरो. जून २०२४ पासून चान्सनकार्टं नावाचं कार्डही आहे, गुणांवर मिळतं, किमान सहा गुण. वर्षभर इथे राहून नोकरी शोधायची मुभा. मात्र महिन्याला हजार युरोंच्या वर खर्चाची सोय आधी दाखवावी लागते आणि वर्ष बघताबघता जातं. भाषा न येता आलेली दोन मुलं मी स्वतः रिकाम्या हाताने परतताना पाहिली आहेत. आयटीआय-डिप्लोमावाल्यांचं शिक्षण इथल्या आउसबिल्डुंगच्या तोडीचं आहे का हेही तपासून घेता येतं. उद्योग-व्यापारातल्या धंद्यांसाठी न्युर्नबेर्गची आयहाका फोजा ही कचेरी, कारागिरीच्या धंद्यांसाठी त्या त्या भागातलं हांटव्हेर्क्सकामर, म्हणजे कारागिरांचं मंडळ. भाच्याने हे आधी केलं असतं तर कदाचित वर्ष वाचलं असतं. आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

कार्ल्सरूहची_खोली

एम.एस.ला आलेल्यांसाठी दोन ओळी, कारण आमचा विषय थोडा वेगळा. आम्हाला एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र लागतं, नोव्हेंबर २०२२ पासून. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं आणि शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. पाठ नसतं ते हे की विद्यापीठात करिअर सर्व्हिस नावाची खोली असते आणि तिथे माणूस बसलेला असतो. मी चौथ्या सत्रात गेले. तोवर १३० अर्ज एकाच साच्यातून पाठवून झाले होते. त्या माणसाने माझ्या अर्जातल्या पहिल्या तीन ओळी खोडल्या आणि विचारलं, "हे तुम्ही लिहिलंय की इंटरनेटने?" खूप राग आला. घरी येऊन परत लिहिला, पाचव्या अर्जाला मुलाखत.

आणि हो, नभोवाणी-दूरदर्शनच्या महिना १८.३६ युरो वर्गणीचं पत्र आलं की घाबरू नका. फसवणूक नाही, खरंच भरायचं असतं. पण ते घरटी आहे, माणशी नाही. चौघे राहत असाल तर एकानेच भरायचं. आमच्या घरात वर्षभर दोघी भरत होतो.

निनावी_कारण_फर्म_वाचेल

नाव बदलून लिहितोय. आउसबिल्डुंगचे माझे पाच महिने झालेत. दर शनिवारी बोलावतात, तास कुठेच लिहीत नाहीत. शाळेच्या दिवशीही संध्याकाळी साइटवर. बोललो तर म्हणतात, "व्हिसा आमच्यामुळे आहे हे लक्षात ठेव." सोडलं तर लगेच परत जावं लागेल ना? घरी सांगितलेलं नाही.

रात्रपाळी

लगेच जावं लागत नाही. पण आज रागाच्या भरात राजीनामा लिहू नकोस. आधी सल्ला.

'फाइरे इंटेग्रात्सिओन' म्हणून सल्लाकेंद्रं आहेत, बाहेरून आलेल्या कामगारांना कामगार-कायद्याचा सल्ला देतात, फुकट, आणि तुझ्या फर्मला कळत नाही. माझ्या करारातलं "नोकरी सोडलीस तर इतके हजार परत कर" हे कलम त्यांनीच तपासून दिलं होतं. तू सत्तावीसच्या आत असशील तर धाग्यात वर आलेलं योट-एम-डे. त्याहून मोठा असशील तर प्रौढांसाठीचं वेगळं मिग्रात्सिओन्स-बेराटुंग आहे, मी तिथेच गेले होते.

परवान्याचं असं आहे की तुझी चूक नसताना आउसबिल्डुंग तुटलं, तर परवाना काढून घेण्याआधी दुसरी जागा शोधायला सहा महिन्यांपर्यंत वेळ द्यायचा, असं कायद्यातच आहे. म्हणून "तुझी चूक नसताना" हे सिद्ध करणारे कागद जमव. आजपासून वहीत रोजचे तास लिही. कधी आलास, कधी गेलास, कोणती साइट. मोबाइलमध्ये नको, कागदावर.

डिप्लोमाधारी

आणि तुझ्या भागातल्या कामरमध्ये आउसबिल्डुंग-सल्लागार असतो, फर्म आणि शिकाऊ यांच्यातले तंटे बघणं हे त्याचं कामच आहे. आमच्या वर्गातल्या एका सीरियन मुलाची फर्म त्यांच्याच मदतीने बदलली, वर्ष वाया न जाता. आधी फाइरेवाल्यांशी बोल, मग तिकडे.

हाइलब्रोनच्या आसपास असशील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. शनिवारी बेकरी दोनला सुटते, उरलेले पाव घेऊन येतो.

निनावी_कारण_फर्म_वाचेल

व्यनि केला आहे.

जुना_टर्नर

शाब्बास.

सांगलीचा_बाबा

काल एजंटाला फोन केला. फर्मशी झालेल्या कराराची प्रत आणि सरकारी कागद मागितला. म्हणाला, "काका, एवढ्या शंका असतील तर सीट दुसऱ्याला देतो." द्या म्हटलं. मिसेसचं तोंड दोन दिवस वाकडं आहे, शेजारच्यांचा मुलगा त्याच एजंटाकडून चाललाय. मुलगा बुधवारी पुण्याला जाऊन मॅक्स म्युलर भवनात बी-वनच्या बॅचची चौकशी करून आला. गाड्यांच्या कामाच्या जागा रात्री बसून त्यानेच शोधल्या, अकरा निघाल्या. अर्ज कसा लिहायचा हे कोणी बघून देईल का? इंटरनेटने नाही, त्यानेच लिहिलाय.

कार्ल्सरूहची_खोली

पाठवायला सांगा. पहिल्या तीन ओळी मी खोडणार, आधीच सांगून ठेवते.

शिडीवाला

सगळ्यांना नमस्कार. मी धाग्यातला भाचा. शिडीची गोष्ट आत्यानं इथं टाकलीय हे मला काल मायस्टरांकडून कळलं, कारण त्यांच्या बायकोच्या ओळखीतल्या एका मराठी बाईंनी त्यांना ती भाषांतर करून ऐकवली. आज सकाळी द्राइफिर्टेल झीबेनला कामावर गेलो तर शिडीला चिठ्ठी चिकटवलेली होती: "हेबन, नुसतं हेबन."

आणि आत्या, शिडी मी उचलली नव्हती. जरा हलवली होती.